भिंतीवरची बुरशी: रंगाऱ्याला फोन करायच्या आधी पाणी शोधा

कोल्हापुरात जुलै लागला की दोन विषय घरोघरी असतात, पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याची पातळी आणि कपाटाचा कुबट वास. पातळीचं बरं असतंय, ३९ फूट इशारा, ४३ फूट धोका, मोबाईलवर तासातासाला आकडा येतो. वासाचा मेसेज कोणी करत नाही. आपल्या नाकाला सवय होऊन जाते आणि मग एक दिवस नणंद येते आणि दारातच विचारते, काय गं, घर बंद होतं का?

आमचं घर शुक्रवार पेठेत, तळमजला, जुनं बांधकाम. २०१९ च्या पुरात आत गुडघाभर पाणी, २०२१ ला परत. त्यामुळं मागच्या खोलीत कपाटामागं काळे ठिपके दिसले तेव्हा सगळ्यांनी एकच सांगितलं, पुराची ओल आहे, जायला वेळ लागणारच. दोन दिवाळ्या रंग दिला. रंगारी म्हणायचा, वहिनी, यावेळी भारीतला प्रायमर मारलाय, दहा वर्षं बघायला नको. पुढच्या पावसाळ्यात ठिपके परत जागेवर, आणि वर पोरगं रात्री खोकणार. शेवटी कळलं की त्या भिंतीचा आणि पुराचा काही संबंधच नव्हता. ते कसं कळलं आणि काय काय केलं ते सगळं सांगते. लांबलंय जरा, पण दोन वेळच्या रंगाचे पैसे वाचतील.

आधी ती बुरशीच आहे का ते बघा

भिंतीवरचं सगळं पांढरं-काळं म्हणजे बुरशी नाही. जुन्या घरात खाली दोन-तीन फुटांपर्यंत पांढरी भुकटी सुटते, पोपडे येतात, तो लोणा. तो क्षार आहे, पाण्याबरोबर विटेतून बाहेर येतो आणि पाणी उडून गेलं की मागं राहतो. बोटात चुरला तर मिठासारखा करकरीत लागतो, वर पाण्याचे दोन थेंब टाकले तर विरघळतो. बुरशी विरघळत नाही, ती लोकरीसारखी किंवा चिकट असते आणि वास मारते. लोणा तब्येतीला तसा काही करत नाही, पण तिथं ओल आहे एवढं नक्की सांगतो, म्हणजे पाव्हणी वाटेत आहे असं समजा.

देवघराच्या वरचा काळा पट्टा निरांजनाची काजळी असते, त्याला बघून घाबरू नका. खात्री करायची तर काळ्या डागावर ब्लीचचा एक थेंब टाका, मिनिट-दोन मिनिटांत रंग उडाला तर बहुतेक बुरशी, तसाच राहिला तर मळ नाहीतर काजळी.

शोधायच्या जागा म्हणजे कपाटाची मागची बाजू, दिवाणाच्या आतला कप्पा, किचन सिंकखालचं कपाट, भिंतीवरच्या फोटोंच्या मागं, माळ्यावरची पुठ्ठ्याची खोकी. वास येतोय पण दिसत काहीच नाही असं असेल तर लाकडी पॅनेल, वॉलपेपर, पीओपी यांच्या मागं बघायला लागतंय.

आणि लॅबमध्ये पाठवून नाव शोधायचं का? माझं मत, नको. ॲस्परजिलस निघालं काय, पेनिसिलियम निघालं काय, क्लॅडोस्पोरियम निघालं काय, करायचं तेच, ओल थांबवायची आणि साफ करायचं. हवेत अमुक इतकी बुरशी चालते आणि तमुक चालत नाही असा सर्वमान्य आकडाच नाही, मग रिपोर्ट कशाशी ताडून बघणार? काळी म्हणजे विषारी आणि हिरवी म्हणजे साधी हेही खोटं, रंगावरून काही ठरत नाही. बुरशीचे सूक्ष्म कण तर दारातून, खिडकीतून सगळीकडं येतच असतात, त्यांना बसायला ओल मिळाली की एक-दोन दिवसांत धरतात. म्हणून सगळा खेळ पाण्याचा आहे.

पाणी कुठनं येतंय?

इथं घाई करू नका. आम्ही इथंच फसलो.

ओल खालून वर चढत असेल तर जमिनीपासून दोन-तीन फुटांपर्यंत नागमोडी रेघ दिसते, लोणा सुटतो. जुन्या पेठांतल्या घरांत जोत्यावर ओल अडवणारा थरच नसतो त्यामुळं हे होतं. वरून येत असेल तर स्लॅबला पिवळट कडेचे गोल डाग पडतात, आणि मोठा पाऊस झाला की एक-दोन दिवसांनी डाग मोठा होतो. गच्चीवर कठडा जिथं मिळतो तिथली भेग आणि पावसाच्या पाइपाचं तोंड हे दोन नेहमीचे गुन्हेगार. पाइप गळत असेल तर डाग उन्हाळ्यातही ओला राहतो, हीच त्याची खूण, मे महिन्यात भिंत गार लागत असेल तर पावसाला बोल लावू नका. चौथं पाणी दिसतच नाही, ते वाफेचं. खोलीचे वरचे कोपरे, बाहेरच्या भिंतीला चिकटवलेलं कपाट, खिडकीची चौकट अशा ठिकाणी बारीक काळे ठिपके विखुरलेले दिसतात.

वाफेला लोक हलक्यात घेतात. एक किलो गॅस जळला की साधारण दीड किलो पाणी वाफ होऊन बाहेर पडतं, म्हणजे १४.२ किलोचं एक सिलिंडर संपेपर्यंत वीस-बावीस लिटर पाणी तुम्ही स्वयंपाकघराच्या हवेत सोडलं, भाताची आणि रश्श्याची वाफ वेगळीच. त्यात पावसाळ्यात घरातच दोरी बांधून पंख्याखाली कपडे वाळत घालायचे, त्यातलं पाणी कुठं जातंय? भिंतीला.

आता चाचणी. प्लॅस्टिकचा हातभर पारदर्शक तुकडा घ्यायचा, डागाच्या जागी भिंतीला चारही बाजूंनी चिकटपट्टीने घट्ट लावायचा आणि एक-दोन दिवस हात लावायचा नाही. पाण्याचे थेंब प्लॅस्टिकच्या आत, भिंतीच्या बाजूला जमले तर ओल भिंतीतनं येतेय. बाहेरच्या, खोलीच्या बाजूला जमले तर हवेतली वाफ आहे. आमच्याकडं आत जमले. म्हणलं झालं, पुराचीच ओल. पण ह्यांनी एक गोष्ट बरोबर पकडली, ते म्हणाले पुराची ओल असती तर चारही भिंतींना असायला पाहिजे, ही एकाच भिंतीला का आणि तीही चार फुटांवर का? त्या भिंतीच्या पलीकडं आमचंच बाथरूम.

मग रंगपंचमीचा उरलेला रंग काढला. बाथरूमच्या नहाणी ट्रॅपला फडक्याचा बोळा घातला, बोटभर पाणी साठवलं, त्यात लाल रंग कालवला आणि दिवसभर बाथरूम बंद. आत्या (सासूबाई) सकाळपासून चिडलेल्या, अंघोळीला शेजारी जायचं म्हणून. पहिल्या दिवशी काहीच नाही. मग नळाखालच्या, भिंतीच्या टाइल्सवर तेच रंगीत पाणी मगाने ओतत राहिलो, आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळी कपाटामागं गुलाबी घाम फुटला. टाइल्सच्या सांध्यातलं ग्राउट पार गेलं होतं. दोन वर्षं रोजच्या अंघोळीचं पाणी भिंत पीत होती आणि आम्ही पंचगंगेला शिव्या घालत होतो.

गच्चीचंही असंच, पाइपाची तोंडं बंद करून दोन इंच पाणी एक-दोन दिवस उभं करायचं आणि खाली बघत बसायचं. पाइपाचा संशय असेल तर रात्री सगळे नळ बंद करून मीटरच्या आकड्याचा फोटो काढा, सकाळी पुन्हा काढा.

फ्लॅटमध्ये असाल आणि पाणी वरच्या घरातनं येत असेल तर आधी गोडीने वर जा, डाग मोबाईलवर दाखवा, रंगाची चाचणी दोघांनी मिळून करा. सोसायटीत साधारण पद्धत अशी की घरातल्या बाथरूम-संडासची गळती ज्याच्या त्याच्या खर्चाने आणि गच्ची किंवा बाहेरच्या भिंतीची गळती सोसायटीच्या खर्चाने. तरी जे बोलाल ते लेखी ठेवा, तारीख घालून. तोंडी "बघतो की" म्हणजे पुढचा पावसाळा.

तब्येतीचं काय

आमच्या पोराचं वय सात. जूनपासून रात्रीचा खोकला, सकाळी सटासट शिंका, डोळे चोळणार. आम्ही सीझन म्हणत राहिलो, काढा, मध, वाफ सगळं झालं. गडहिंग्लजला मामाकडं चार दिवस गेला तर खोकला गायब, घरी आला त्या रात्री परत सुरू. इथं माझी ट्यूब पेटली.

ओल आणि बुरशी असलेल्या घरात काय होऊ शकतं याबद्दल बऱ्यापैकी एकमत आहे, जागतिक आरोग्य संघटनेने २००९ मध्ये या विषयावर मार्गदर्शक सूचनाच काढल्यात. नाक चोंदणं, शिंका, घशात खवखव, खोकला, छातीत घरघर, आणि ज्यांना आधीपासून दमा आहे त्यांचा दमा उसळणं. डोळे आणि कातडी चुरचुरणं हेही. सगळ्यांना होत नाही, एकाच खोलीत झोपणाऱ्या दोघांत एकाला काहीच होत नाही, त्यामुळं घरात भांडणं होतात की तुझंच कसं दुखतंय. पण केस गळणं, वजन वाढणं, विसरायला होणं असं सगळंच बुरशीच्या माथी मारणारे व्हिडिओ फिरतात आणि शेवटी "डिटॉक्स"ची बाटली विकतात, त्यांच्या नादी लागू नका. लघवीतलं बुरशीचं विष मोजणाऱ्या टेस्टवरही पैसे घालवू नका, त्यावरून घरातल्या बुरशीने आजार झाला असं सिद्ध होत नाही.

२०२१ मध्ये कोरोनानंतर "काळी बुरशी" हा शब्द इतका ऐकला की भिंतीवर काळं दिसलं की माणूस घाबरतो. तो म्युकरमायकोसिस, वेगळाच आजार, आणि तो मुख्यतः ताब्यात नसलेली शुगर, जास्त स्टेरॉइड, प्रतिकारशक्ती कमी झालेली अशा लोकांना गाठतो. भिंतीवरच्या काळ्या ठिपक्यांचा अर्थ तो नाही. मात्र घरात कुणाची केमो चालू असेल, अवयव बदललेला असेल, शुगर कायम चढलेली असेल, तर त्यांना त्या खोलीतनं आधी हलवा, बाकीचं नंतर.

डॉक्टरकडं जायच्या आधी दोन आठवडे वही ठेवा. खोकला किती वाजता, कुठल्या खोलीत, त्या दिवशी पाऊस होता का, बाहेरगावी गेल्यावर कसं. आमच्या डॉक्टरांनी ती वही पाच मिनिटं वाचली आणि मग बोलले. त्यांनी हेही सांगितलं की मामाकडं बरं वाटलं म्हणजे बुरशीच असं नाही, गादीतले धुळीचे किडेही असू शकतात, त्यांनाही दमट हवाच आवडते. फुफ्फुसं कशी चालतात ते बघायची, फुंकर मारायची पीएफटी टेस्ट केली, ॲलर्जीची टेस्ट गरज पडली तर बघू म्हणाले. इनहेलर दिला तर आत्यांनी तोंड वाकडं केलं, त्याची सवय लागते म्हणे. सवय वगैरे लागत नाही, औषध थेट फुफ्फुसात जातं आणि मात्रा गोळीपेक्षा कितीतरी कमी लागते.

वही-बिही लिहीत न बसता लगेच दवाखाना गाठायचा तो कधी, तर धाप लागून वाक्य पुरं होत नसेल, लहान पोराच्या बरगड्यांमधली कातडी श्वासाबरोबर आत ओढली जात असेल, ओठ निळसर दिसत असतील, थुंकीतून रक्त येत असेल. आणि दोन आठवड्यांच्या वर खोकला, ताप, वजन उतरणं असेल तर बुरशी-बुरशी करत बसू नका, आधी टीबीची तपासणी करून घ्या, ती सरकारी दवाखान्यात फुकट होते. दमेकऱ्याचा दमा औषधं घेऊनही आवरत नसेल, खोकल्यातनं तपकिरी गुठळ्या पडत असतील तर छातीच्या डॉक्टरला दाखवा, ॲस्परजिलसच्या ॲलर्जीमुळं होणारा एबीपीए नावाचा प्रकार असतो आणि तो कधीकधी टीबी समजून चालवला जातो.

जाता जाता आपल्या भागातली एक गोष्ट. साखर कारखान्याच्या यार्डात साठून कुजलेल्या बगॅसची, म्हणजे उसाच्या चिपाडाची, धूळ छातीत जाऊन फुफ्फुसाला सूज येते, त्याला बगॅसोसिस म्हणतात. ते बुरशीसारखे दिसणारे जिवाणू असतात, पण गोष्ट तीच, ओलसर साठा आणि त्याची धूळ. घरात कोणी तिथं कामाला असेल आणि संध्याकाळी ताप-खोकला-धाप असं होत असेल तर डॉक्टरला कामाचं आवर्जून सांगा.

साफ करताना

पाणी थांबल्याशिवाय साफ करू नका असं नाही, पण थांबवल्याशिवाय रंग देऊ नका. डाग तीन बाय तीन फुटांच्या आतला असेल तर घरी होतं. त्यापेक्षा जास्त पसरलं असेल, किंवा गटाराच्या पाण्याने झालं असेल तर कामाला माणूस लावा. दमेकरी, गरोदर बाई, म्हातारी माणसं आणि पोरं त्या दिवशी दुसऱ्या घरी.

एन-९५ मास्क घाला, ओढणी बांधून चालत नाही, कण त्यातनं सरळ जातात. रबरी हातमोजे, आणि डोळ्यांना भोकं नसलेला चष्मा. पंखा बंद, घरातलं दार बंद, बाहेरची खिडकी उघडी. कोरडा झाडू किंवा कोरडा ब्रश अजिबात मारू नका, त्याने कण सगळ्या घरात उडतात. आधी साबणाच्या पाण्याचा फवारा मारून डाग भिजवायचा, मग ब्रशने घासायचा, ओल्या फडक्याने टिपायचा, फडकं त्याच बादलीत परत परत न बुडवता पिशवीत टाकायचं. कपडे धुवायची साधी पावडर पुरते. पोपडे ओलेच खरवडून डबल पिशवीत बांधा. मग त्या जागेवर पंखा लावून पूर्ण कोरडं करा.

ब्लीचबद्दल. टाइल, काच, स्टील अशा गुळगुळीत वस्तूंवर चालतं, आधी साबणाने धुऊन मग लिटरभर पाण्यात ६० मिलीच्या आसपास, खिडक्या उघड्या ठेवून. गिलाव्यावर आणि लाकडावर त्याचा फार उपयोग नाही, रंग उडतो आणि मुळं आत राहतात, म्हणून लोकांना वाटतं गेली. आणि एक गोष्ट कानाला खडा लावून ठेवा, ब्लीच किंवा टीसीएल (ब्लीचिंग) पावडर कधीही संडास साफ करायच्या ॲसिडमध्ये मिसळायची नाही, क्लोरीन वायू सुटतो. अमोनियावाल्या क्लीनरमध्येही नाही. पूर ओसरल्यावर साफसफाईच्या घाईत हे हमखास होतं.

टाकायचं काय हा घरातला सगळ्यात मोठा वाद. बुरशी लागलेली कापसाची गादी, उशा, फुगलेला प्लायवूड, पुठ्ठ्याची खोकी, पीओपीचे तुकडे, हे जाऊ दे. ऊन दाखवलं की मरते म्हणतात, पण मेलेल्या बुरशीनेही ॲलर्जी होते. सागवानी लाकूड, लोखंडी कपाट, प्लॅस्टिक, काच राहतं. कपडे गरम पाण्यात धुऊन कडक वाळवा. आत्यांच्या लग्नातला शालू आम्ही टाकला नाही, हे उगाच खोटं कशाला सांगू, ड्रायक्लीनला दिला आणि वेगळ्या पिशवीत ठेवला.

कपड्यांतल्या डांबर गोळ्यांनी कीड लांब राहते, बुरशीची ओल जात नाही, आणि तान्ह्या बाळाच्या कपड्यांत तर त्या ठेवूच नका, काही बाळांच्या रक्तातल्या तांबड्या पेशी त्याने फुटतात. चपलांना मात्र उपाय आहे, कोल्हापुरी पावसात घालायचीच नाही, आणि पांढरी लव आलीच तर अंगणात नेऊन पुसा, सावलीत वाळवा, मग तेलाचा हात. आणि कांदा-लसूण मसाल्याच्या बरणीत बुरशी दिसली तर वरची चमचाभर काढून बाकी वापरायचं नाही. शेंगदाण्याचंही तसंच, काळपट, कडू लागणारे टाकून द्या, त्यातलं अफ्लाटॉक्सिन हे बुरशीचं विष भाजून पूर्ण जात नाही.

पूर खरंच घरात आला असेल तर

पाणी ओसरल्यावर मेन स्विच कोरड्या हाताने, कोरड्या जागी उभं राहून बंद करता येत असेल तरच बंद करा, नाहीतर वायरमन येऊ दे. काहीही हलवायच्या आधी पंचनाम्यासाठी फोटो. गाळ ओला असतानाच काढा, वाळला की धूळ होते. पायात गमबूट, कारण घाण पाण्यातनं होणाऱ्या लेप्टोची (लेप्टोस्पायरोसिस) भीती असते. कपाटं भिंतीपासून लांब ओढा. पाण्याची खूण जिथवर आहे त्याच्या फूटभर वरपर्यंत सुटलेला गिलावा काढून टाका आणि विटा उघड्या ठेवा. जुन्या मातीच्या किंवा चुन्याच्या भिंतीवर सिमेंटचा गिलावा आणि वर ऑइल पेंट हा तर पाणी आत कोंडायचाच उद्योग आहे, तिथं चुन्याचंच काम करणारा गवंडी शोधा, सापडतात अजून.

जाड भिंत वाळायला आठवडे नाही, महिने लागतात. दिवाळीच्या आधी रंग झालाच पाहिजे हा हट्ट सोडा.

परत येऊ नये म्हणून

आर्द्रता दाखवणारं छोटं मीटर काही शे रुपयांत मिळतं. साठ टक्क्यांच्या खाली ठेवा, तीस ते पन्नास उत्तम, असं सांगतात. जुलैत आपल्याकडं हे वाचून हसायला येतं, आमच्या मीटरवर ८५ दिसतं. तरी उपयोग होतो, कारण स्वयंपाक करताना आकडा किती चढतो आणि एक्झॉस्ट लावल्यावर किती उतरतो ते डोळ्यांनी दिसतं, मग घरातले आपोआप बटण दाबतात. अंघोळीनंतर अर्धा तास एक्झॉस्ट चालू. धो धो पाऊस असताना दिवसभर खिडक्या उघड्या ठेवून काही वाळत नाही, उलट ओल आत येते, उघडीप मिळाली की समोरासमोरच्या खिडक्या उघडा. कपडे एकाच खोलीत, दार लावून, पंखा आणि एक्झॉस्ट लावून. एसी असेल तर ड्राय मोड. कपाट भिंतीपासून तीन-चार इंच पुढं. गच्चीचं काम मे संपायच्या आत आणि रंग ऑक्टोबरच्या उन्हानंतर, तोही प्लॅस्टिकची चाचणी परत करून, आत थेंब नसतील तरच.

आमची बाथरूमची भिंत मेमध्ये फोडली, टाइल्स नव्याने बसवल्या, वॉटरप्रूफिंग करून दोन दिवस पाणी उभं करून बघितलं. पोराचा इनहेलर चालू आहे पण रात्रीचा खोकला गेलाय. मागच्या खोलीची भिंत अजून तशीच उघडी, विटा दिसतात, नणंद परवा आली आणि म्हणाली हे काय करून ठेवलंय. आत्या पापड लाटत होत्या, मान वर न करता म्हणाल्या, वाळत घातलीया.